हौशी असल्याचा दाखला

मी हौशी आहे हे कागदोपत्री सिद्ध करायला मला तीन महिने लागले. त्यानंतर मी हौशी आहे यावर सगळ्यांचा इतका ठाम विश्वास बसला की माझी खुर्ची गेली. मधल्या काळात मी बोलिंगही केलं, पण त्याबद्दल मला कोणी फारसं विचारत नाही.

सुरुवात हर्ब लुडकेने केली. विस्कॉन्सिनमध्ये, मिशिगन सरोवराच्या काठावर आमचं जे गाव आहे, तिथे मंगळवारी संध्याकाळी माणूस एक तर कोसिकच्या बोलिंग लेन्सवर असतो किंवा आजारी असतो. ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी माझे सलग दहा स्ट्राइक पडले. म्हणजे दहा वेळा चेंडू टाकला आणि दहाही वेळा पहिल्याच फटक्यात सगळ्या पिना आडव्या. बारा पडले की तीनशे गुण, म्हणजे निर्दोष डाव. असा डाव आयुष्यात एकदा पडला तरी माणसाच्या मृत्यूच्या बातमीत त्याचा उल्लेख करतात. अशा वेळी त्या माणसाशी बोलायचं नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. त्याच्याकडे बघायचंही नाही. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवायची आणि बिअर प्यायची ती घोटाचा आवाज न करता. चार वर्षांच्या पोरालाही हे कळतं.

हर्ब एकाहत्तर वर्षांचा आहे. तीस वर्षं तो लेन्सची यंत्रं दुरुस्त करत होता आणि माझ्या शेजारच्याच घरात राहतो. तो उठला, चालत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नॉर्ब, खरं सांगू का, तू राष्ट्रीय हौशी संघात असायला हवास."

अकराव्या चेंडूला दहापैकी सातच पिना पडल्या.

सगळ्या हॉलने हर्बकडे असं पाहिलं की जणू तो प्रार्थनेच्या मध्यात उठून भाषण करायला लागला आहे. सोडून दिलं असतं तर तो प्रकार त्या रात्रीच संपला असता. पण आपण अपराध केला आहे हे हर्बला कळलं होतं, आणि आपण बोललो ते काहीतरी मोलाचं होतं असं दाखवण्याखेरीज त्याच्याकडे दुसरा बचाव नव्हता. म्हणून तो तेच वाक्य पुढे रोज म्हणत राहिला. कुंपणावरून म्हणाला, टपालपेटीपाशी म्हणाला, चर्चच्या पायरीवर पाद्र्यांसमोर म्हणाला. नोव्हेंबरमध्ये त्याने कुठून तरी अर्जच मागवला. अर्ज चौदा पानी होता. एवढा मोठा अर्ज आल्यावर आपल्यात काहीतरी असेलच, असं मलाही वाटू लागलं.

माझी बायको आर्लीन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अर्धा दिवस काम करते. तिने अर्ज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. मी तो तसा वाचलेला नव्हता.

"मार्चमध्ये सहा दिवस निवड चाचणी," ती म्हणाली. "दुसऱ्या राज्यात. निवड झालीच तर ऑगस्टअखेर दोन आठवडे परदेशात. आणि तोवर सराव. हा सराव कधी करणार तू?"

"सकाळी साडेपाचला. कोसिक किल्ली द्यायला तयार आहे."

"आणि आपल्या पोरीला गाडी कोण शिकवणार? राज्याचा नियम आहे, मोठ्या माणसाबरोबर तीस तास चालवायला लागते. ते तीस तास तुझ्या वाटणीचे आहेत. मी बसले तर आम्ही दोघी एकमेकींशी बोलणं बंद करू."

"बसवतो त्यातच."

"नॉर्ब, तू बसचं वेळापत्रक करतोस. माणसांचं वेगळं असतं."

हे मला लागलं. मी शहराच्या बससेवेत चालकांच्या पाळ्या लावतो, म्हणजे लावत होतो. अठ्ठेचाळीस बस, एकशे दहा चालक, कोण कुठे किती वाजता, आणि कोणाला लघवीला कधी वेळ मिळेल, हे सगळं माझ्या एका तक्त्यावर असे. सोळा वर्षांत माझ्या पाळ्यांमुळे एकही फेरी चुकली नाही. अशा माणसाला तीन माणसांचं घर बसवता येणार नाही, हे मी ऐकून घेणार नव्हतो.

"एकदाच," मी म्हणालो. "एकच वर्ष. नाही जमलं तर पुन्हा नाव काढणार नाही."

"ठीक आहे," आर्लीन म्हणाली. "पण मला काही सांगायचं राहिलं, विचारायचं राहिलं, असं मध्येच करू नकोस. जे असेल ते विचारून कर."

मी हो म्हणालो. माझ्या डोक्यात तेव्हा अर्जाचं पाचवं पान होतं.

वेळापत्रक मी एका रविवारी तयार केलं आणि त्यातली खुबी अशी होती की कुठलाही तास एकाच कामाला वाया जात नव्हता. पहाटे आमची मुलगी बेथनी गाडी चालवत मला कोसिककडे न्यायची. माझा सराव चालू असताना ती कोट घालून गुणांच्या टेबलाशी बीजगणित करायची, आणि सात वाजता गाडी चालवत परत आणायची. गाडीचे तास झाले, अभ्यास झाला, सराव झाला.

"डॅड, ह्याला गाडी शिकणं नाही म्हणत," ती तिसऱ्या आठवड्यात म्हणाली. "ह्याला तुला पोचवणं म्हणतात."

"रस्ता तोच असतो ना?"

"तोच असतो, तेच तर म्हणतेय."

ती काय म्हणत होती ते मला फेब्रुवारीत कळलं. आमच्या घराकडून कोसिककडे जाताना चार वळणं लागतात, चारही उजवी; आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे ही वळणं सोपी. परत येताना मी सवयीने तिला सरोवराच्या बाजूने गाडी घ्यायला सांगायचो, तीही सगळी उजवी. तीस तास चालवून माझी मुलगी परीक्षेला गेली आणि परीक्षकाने तिला भर चौकात समोरून येणाऱ्या गाड्या बघून डावीकडे वळायला सांगितलं. ती थांबली. तीन वेळा दिवा हिरवा झाला आणि तीन वेळा लाल. शेवटी परीक्षकाने विचारलं, "बाळ, तू डावीकडे कधी वळली आहेस का?" ती म्हणाली, "माझे वडील डावीकडे जात नाहीत."

हे वाक्य घरात पुढे बरेच महिने, निरनिराळ्या संदर्भांत वापरलं गेलं.

लग्नाचा अठरावा वाढदिवस शुक्रवारी आला आणि शुक्रवारी कोसिककडे तळलेले मासे असतात. मासे चांगले असतात. मी टेबलावर कापड घालायला लावलं होतं, मेणबत्ती होती, आणि जेवण यायला वेळ होता म्हणून आर्लीनला म्हणालो की तोवर एक डाव टाकू. ती खाली बघत राहिली. तिच्या पायात कोसिककडचे भाड्याचे बूट होते, एक लाल, एक निळा, मागे टाचेवर मापाचा मोठा आठचा आकडा.

"नॉर्ब," ती म्हणाली, "माझ्या आईने ह्या दिवशी मोत्यांची माळ घातली होती."

मी म्हणालो की मोत्यांची माळ घालून बोलिंग करता येत नाही. मी तेव्हा विनोद करत नव्हतो.

खेळाकडे वळतो, कारण तेच मुख्य होतं असं तेव्हा मला वाटत होतं. माझी सरासरी दोनशे अठरा होती. देशातल्या कुठल्याही गावात हा आकडा सांगायला लाज वाटू नये. पण हर्बने, ज्याने मला या फंदात पाडलं त्यानेच, डिसेंबरमध्ये कुंपणावर कोपर टेकवून माझं समाधान काढून घेतलं.

"नॉर्ब, तुला एक सांगतो, राग मानू नकोस. तुझी सरासरी दोनशे अठरा नाही. ती कोसिकची आहे."

"म्हणजे?"

"लेनवर तेल घालतात ते कशाला? लाकूड टिकावं म्हणून. पण कोसिक मधल्या पट्ट्यात भरपूर घालतो आणि कडा कोरड्या ठेवतो. चेंडू कडेला भरकटला की कोरडं लाकूड त्याला धरतं आणि आत आणून सोडतं. डोळे मिटून टाकलास तरी चेंडू जायचा तिथेच जातो. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून सगळेच मालक करतात. मी स्वतः तीस वर्षं करत होतो."

"मग मी राष्ट्रीय संघात असायला हवा असं कशाला म्हणालात?"

"ते मी भारावून म्हणालो," हर्ब म्हणाला. "तिथे चाचणीला तेल वेगळंच घालतात. तिथे चेंडू चुकला की चुकला."

मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही. आमच्या लीगमधल्या चाळीस पुरुषांना हे सगळं ठाऊक होतं आणि चाळीसही जण आपापली सरासरी स्वतःची समजून जगत होते. माणसाला त्याची सरासरी त्याची नाही असं तोंडावर सांगणं हे असभ्यपणाचं आहे, मग ते खरं का असेना.

जानेवारीत कोसिकचं तेल घालायचं यंत्र बिघडलं. सुटा भाग येईपर्यंत कोसिक आणि त्याची बहीण हातपंप आणि फडकं घेऊन स्वतः तेल घालू लागले. तो भाग मेपर्यंत आला नाही. तेल कुठे डबक्यासारखं, कुठे मुळीच नाही. एकाच लेनवर सकाळी एक आणि दुपारी दुसरं. माझी सरासरी एकशे ऐंशीवर आली. लीगमध्ये शोककळा पसरली. एक जण बोलिंग सोडून चर्चच्या गायनवृंदात परत गेला. मी मात्र रोज पहाटे त्या चिखलात चेंडू टाकत राहिलो, कारण दुसरीकडे जायचं तर डावीकडे वळावं लागलं असतं.

आता त्या पत्राबद्दल.

अर्जाला कचेरीचं पत्र जोडायचं होतं: उमेदवाराला चाचणीसाठी आणि निवड झाल्यास दौऱ्यासाठी रजा मिळेल, आणि त्याचं वर्तन कसं आहे. माझ्या वरिष्ठ मिसेस ऑस्टरगार्ड यांनी ते डिसेंबरात मोठ्या आनंदाने लिहिलं. रजा मंजूर, वर्तन उत्तम, आणि शेवटी मनापासून आलेलं एक वाक्य: "नॉर्बर्ट सिमेक हे सर्वार्थाने प्रोफेशनल आहेत."

आमच्याकडे कचेरीत याच्यावर स्तुती नाही. निवृत्तीच्या समारंभात हे म्हणतात. ज्याच्याबद्दल दुसरं काहीच चांगलं आठवत नाही त्याच्याबद्दलही हे म्हणतात. मी ते पत्र घरी नेऊन आर्लीनला वाचून दाखवलं. तीसुद्धा म्हणाली, छान आहे. आम्हा दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

तीन आठवड्यांनी राष्ट्रीय बोलिंग संघटनेचं उत्तर आलं. आपल्या वरिष्ठांच्या लेखी निवेदनानुसार आपण प्रोफेशनल आहात. सदर संघ केवळ हौशी खेळाडूंसाठी असल्याने आपला अर्ज विचारात घेता येत नाही. खाली सही: टिल्सन, पात्रता विभाग.

मी फोन लावला.

"साहेब, ते माझ्या कामाबद्दल आहे," मी म्हणालो. "मी बसच्या पाळ्या लावतो."

"तसं पत्रात नाही," टिल्सन म्हणाले. आवाज सभ्य होता, आणि तो सभ्यच राहणार हे पहिल्या वाक्यात कळत होतं. "पत्रात 'सर्वार्थाने' आहे. सर्वार्थात बोलिंग आलंच."

"मला बोलिंगसाठी कोणी कधी काही दिलेलं नाही!"

"असेल. पण तुमच्याच वरिष्ठ लेखी म्हणताहेत. त्यांनी दुसरं पत्र द्यावं. मजकूर ठरलेला आहे, मी सांगतो, लिहून घ्या. 'सदर व्यक्ती कोणत्याही अर्थाने प्रोफेशनल नसून निव्वळ हौशी आहे.'"

"त्यात 'बोलिंगपुरती' असं घालता येईल का?"

"मजकूर ठरलेला आहे," टिल्सन म्हणाले.

मिसेस ऑस्टरगार्डनी तो कागद वाचला, चष्मा काढला आणि पुन्हा घालून वाचला.

"नॉर्बर्ट, हे मी लिहू शकत नाही. तुम्ही एकशे दहा चालकांच्या पाळ्या लावता. पाळ्या लावणारा माणूस निव्वळ हौशी आहे असं मी सही करून द्यायचं? युनियनची तक्रार आधीच माझ्या टेबलावर पडली आहे."

तक्रार होती सात नंबरच्या मार्गावरच्या विश्रांतीबद्दल. ती मी अकरा मिनिटांची ठेवली होती. युनियनतर्फे ते प्रकरण चालवत होता डेल पोकोर्नी, स्वतः सात नंबरचा चालक. त्याचं म्हणणं, अकरा मिनिटांत माणूस एक तर खाऊ शकतो किंवा दुसरं. माझं म्हणणं, सोळा वर्षं सगळ्यांनी दोन्ही केलेलं आहे.

"पत्र फक्त संघटनेकडे जाईल," मी म्हणालो.

"प्रत फाइलला लागते. प्रत्येक पत्राची लागते. तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. तरी मी तीन आठवडे रोज त्यांच्या टेबलाशी उभा राहिलो. कॉफी नेऊन दिली. एकदा त्यांच्या गाडीवरचं बर्फही काढलं, आणि ते करताना शेजारच्या चालकांनी मला पाहिलं. शेवटी त्यांनी टंकलेखन स्वतः केलं, कारण टायपिस्टला सांगायची त्यांना लाज वाटत होती. प्रत फाइलला लागली. फेब्रुवारीच्या शेवटी संघटनेचं उत्तर आलं: आपण हौशी असल्याचं मान्य करण्यात येत आहे.

मार्चमध्ये मी वर्षाची सगळी रजा घेऊन चाचणीला गेलो. दीडशे पुरुष, सहा दिवस. दोनशे तीस, दोनशे पस्तीस अशा सरासऱ्यांची माणसं. पहिल्या सकाळी त्यांनी आपापले चेंडू टाकले आणि चेंडू कुठे जायला लागले ते बघून एकेकाचा चेहरा उतरत गेला. तेल कुठे डबक्यासारखं, कुठे मुळीच नाही. मी दोन चेंडू टाकले आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. देशातल्या तज्ज्ञांनी नकाशे काढून, यंत्रं लावून जी अवघड लेन तयार केली होती, ती कोसिकच्या बहिणीने फडक्याने रोज केली होती.

सहा जण संघात घ्यायचे होते. सहाव्या दिवशी मी सातवा आलो.

सार्वजनिक फोनवरून घरी कळवलं.

"सातवा म्हणजे आत की बाहेर?" आर्लीनने विचारलं.

"दारात. राखीव. कोणी गळालं तर मी."

"गळणार आहे कोणी?"

सहावा होता ओहायोचा एक दंतवैद्य. शेवटच्या दिवशी त्याने उजवं मनगट बर्फात बुडवून ठेवलं होतं. "शक्यता आहे," मी म्हणालो. त्या मनगटाबद्दल मी पुढचे पाच महिने काय काय इच्छिलं ते मी पाद्र्यांनाही सांगितलेलं नाही.

मेमध्ये सात नंबरच्या तक्रारीची सुनावणी झाली. लवाद म्हणून बाहेरून एक निवृत्त न्यायाधीश आले होते. डेल पोकोर्नी स्वच्छ शर्ट घालून आला होता. सुनावणीच्या आधी युनियनला संबंधितांच्या फाइली बघता येतात, ही आमच्याकडची पद्धत आहे. डेलने बघितल्या होत्या.

"साहेब, माझ्याकडे साक्षीदार नाहीत," तो म्हणाला. "एकच कागद आहे. व्यवस्थापनाचाच आहे." आणि त्याने वाचला. कोणत्याही अर्थाने प्रोफेशनल नसून निव्वळ हौशी आहे.

मागच्या बाकांवर तीस चालक बसले होते. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

मिसेस ऑस्टरगार्ड उठल्या. "हे पत्र एका विशिष्ट कारणासाठी..."

"पत्रात कारण नाही," न्यायाधीश म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मिस्टर सिमेक, तुम्ही शपथेवर आहात. हे पत्र खरं आहे का?"

खोटं आहे, मजकूर ठरलेला होता, बोलिंगसाठी घेतलं, एवढं म्हटलं की प्रकरण मिटत होतं. पण आदल्याच शुक्रवारी टिल्सनांचा फोन आला होता. दंतवैद्याने डॉक्टरांना मनगट दाखवायला मुदत मागितली होती. "तुमची कागदपत्रं स्वच्छ असू देत, मिस्टर सिमेक," ते म्हणाले होते. पत्र खोटं असल्याचं मी शपथेवर सांगितलं असतं तर ती नोंद कधी ना कधी टिल्सनांच्या टेबलावर गेली असती. फाइलीतल्या कागदांना पाय असतात हे मला नुकतंच समजलं होतं.

"खरं आहे," मी म्हणालो. "मी हौशी आहे."

मिसेस ऑस्टरगार्ड खाली बसल्या आणि त्यानंतर माझ्याशी कचेरीच्या कामाखेरीज कधी बोलल्या नाहीत.

बाहेर डेलने मला गाठलं. "काय रे हे, नॉर्ब? पत्र खोटं आहे म्हणाला असतास तर मी हरलो असतो. हरायची तयारी करून आलो होतो मी. घरी सांगूनसुद्धा आलो होतो."

"तुझं अभिनंदन," मी म्हणालो.

"पाळ्या चांगल्या लावायचास तू," तो म्हणाला. "हे मी लिहून देणार नाही, पण लावायचास."

पाळ्यांचं काम एका संगणकाकडे गेलं. त्याने सात नंबरला नऊ मिनिटं दिली. माझी बदली हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर झाली. तळघरात खोली, तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर छत्र्या. एकाच हाताचे हातमोजे, तेही बहुतेक डावे. दोन कवळ्या. जूनमध्ये बोलिंगचा एक चेंडू आला. तो न्यायला आलेल्या माणसाला मी बोटांच्या भोकांची मापं विचारली, तर तो म्हणाला, तुम्हाला काय कळतंय त्यातलं.

नवं पद म्हणून नव्याने परिवीक्षेचा काळ: सहा महिने, एक दिवसही रजा नाही. रजा घेतली तर नोकरी गेली. नोकरी गेली तर आम्हा तिघांचा आरोग्यविमा गेला, कारण तो माझ्या नोकरीवरच होता आणि बेथनीच्या दातांना तारा लावलेल्या होत्या. त्याही एका दंतवैद्यानेच.

एवढं होऊनही मी रोज संध्याकाळी जेवताना ओहायोच्या मनगटाबद्दल बोलत असे. सूज उतरली असेल का, पट्टी किती दिवस ठेवतात, डोळ्यांच्या डॉक्टरांना मनगटातलं काही कळतं का. बेथनी आता गाडी घेऊन एकटी जायची, डावीकडेसुद्धा. आर्लीन ऐकायची आणि बटाटे वाढायची.

ऑगस्टच्या एका गुरुवारी, चार वाजता, तळघरातला फोन वाजला.

"मिस्टर सिमेक, टिल्सन बोलतोय. ओहायोच्या गृहस्थांनी आज नाव मागे घेतलं. जागा तुमची आहे. पुढच्या शनिवारी निघायचं."

मी खुर्चीवर बसलो. खुर्चीवर छत्र्या होत्या.

एक गोष्ट सांगायला हवी. त्या क्षणी मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं. दहा महिने मी या जागेमागे धावलो होतो, आणि ती हातात आल्यावर मला एकदम सगळं स्पष्ट दिसलं: रजा नाही, विमा, दातांच्या तारा, भाड्याचे बूट. आपण यांचं खूप देणं लागतो, असं वाटलं. एकदा तरी घर आधी.

"मला जमणार नाही," मी म्हणालो.

"कारण?"

"नोकरी. आणि घर."

"यादी मला आजच पाठवायची आहे," टिल्सन म्हणाले, "पण कचेरी बंद व्हायला वेळ आहे. घरी विचारून सांगितलंत तरी चालेल. थांबतो मी."

"गरज नाही," मी म्हणालो. "घरचं मला माहीत आहे."

सहा वाजता जेवायला बसलो. मी ही बातमी कशी सांगायची ते बसमध्ये ठरवून आलो होतो. आवाज शांत ठेवायचा, उपकाराचा भाव येऊ द्यायचा नाही.

"आज फोन आला होता," मी म्हणालो. "दंतवैद्य गळाला."

बेथनी ओरडली. आर्लीनने हातातला चमचा खाली ठेवला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी गेल्या वर्षभरात पाहिलेलं नव्हतं. "कधी निघायचं?" तिने विचारलं.

"मी नाही म्हणून सांगितलं."

बेथनी आईकडे बघायला लागली.

"घरासाठी," मी जरा समजावून सांगितलं. "विम्यासाठी."

"मी सोमवारी डॉक्टरांना हो म्हणून आले," आर्लीन म्हणाली. "पूर्ण वेळ. सोमवारपासूनच तिघांचा विमा माझ्यावर आहे. कागद आज मिळाले." तिने पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"मला का सांगितलं नाहीस?"

"तू मनगटाबद्दल बोलत होतास, नॉर्ब. रोज. मला वाटलं, कागद हातात आले की सांगू. म्हटलं, फोन आला तर नोकरी सोडून जाईल, नाही आला तरी त्या तळघरातून बाहेर येईल. निदान जेवताना दुसरं काहीतरी बोलेल."

मी उठून भिंतीवरचा फोन घेतला. कचेरी बंद झाली असेल असं वाटत होतं, पण टिल्सननी दुसऱ्याच घंटेला उचलला.

"अरेरे, मिस्टर सिमेक," ते म्हणाले. "आठव्या क्रमांकाच्या गृहस्थांना मी लगेच विचारलं. त्यांनी दहा मिनिटं मागून घेतली. बायकोला विचारायचं होतं त्यांना. पाचव्या मिनिटाला फोन आला की येतो म्हणून. यादी गेली."

मी फोन जागेवर ठेवला.

"काय म्हणाले?" आर्लीनने विचारलं.

"जागा भरली. आठव्याने घेतली."

"इतक्यात? लगेच हो म्हणाला तो?"

"नाही. दहा मिनिटं मागून घेतली त्याने."

"दहा मिनिटं?" आर्लीन म्हणाली. "दहा मिनिटं कशाला लागली त्याला?"

याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.